पश्चिमेची भिंत दरवर्षी काळी का पडते?

प्रश्न : काका, आम्ही मेढ्यात राहतो. घर स्लॅबचं, बांधून नऊ वर्षं झाली. पश्चिमेकडच्या खोलीत लोखंडी कपाटामागं दर आषाढात भिंत काळी पडते. दोनदा रंग दिला, गेल्या वर्षी तर बुरशीवर चालतो म्हणून महागातला आणला. नारळी पौर्णिमेपर्यंत डाग परत! कपाटातल्या साड्यांनाही कुबट वास येतो. सासूबाई त्याच खोलीत झोपतात, त्यांचा खोकला वाढलाय. काय करावं?

उत्तर : ताई, रंगाचा डबा आधी बाजूला ठेवा. ही चूक मीही केलीय, तीसुद्धा स्वतःच्या घरात. तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या आणि साताऱ्यातल्या माझ्याच माजघराला ओलीवर ऑइलपेंट मारला. दिवाळीत पापडासारखे पोपडे हातात आले, मागच्या अंगाला बुरशी तशीच. बायको अजून तो विषय काढते.

बुरशीचं बी हवेत सगळीकडं असतं, ते काही संपत नाही. तिला फक्त ओल लागते. म्हणून ओल भिंतीतून येते की खोलीतून, एवढं आधी बघा. फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, भिंत फडक्यानं कोरडी पुसा आणि चारी कडा चिकटपट्टीनं गच्च बंद करा. दोन दिवस हात लावू नका. मग भिंतीकडच्या अंगाला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडचं अंग ओलं झालं तर घरातलीच वाफ आहे. तुमच्याकडं दोन्ही निघेल, असा माझा अंदाज.

पावसाळी वारा पश्चिमेचा, त्यामुळं झड थेट त्या भिंतीवर बसते. महाबळेश्वराकडं पावसाआधी घराला गवत बांधायचे, ते उगाच नव्हे. छत्री घेऊन बाहेरून एक फेरी मारा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी भेग, छज्जावर साचलेलं पाणी, भिंतीवरच गळणारी पन्हळ, यातलं काहीतरी सापडेलच. पण भेगा भरायचं काम दिवाळीनंतर, भिंत वाळली की. आत्ता भरलंत तर पाणी आत कोंडेल.

आता घरातलं. ओले कपडे खोलीत दोरीवर वाळत घालता ना? एका धुण्यातून दोनेक लिटर पाणी सहज हवेत जातं. ते थंड भिंतीवर बसतं, आणि कपाटामागं वारा नसल्यामुळं सुकत नाही. कपाट वीतभर पुढं ओढा. धुणं पडवीत न्या. संततधार असताना खिडक्या सताड उघडून उपयोग नाही, बाहेरची हवाच ओलीचिंब असते. पंखा चालू ठेवा. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

डाग सुके खरवडू नका, भुकटी उडून छातीत जाते. तोंडाला फडकं बांधून साबणाच्या पाण्यानं पुसा, मग कोरडं करा. ब्लीच लावलंत तरी गिलाव्यात ते खोल जात नाही, वरचा काळेपणा तेवढा जातो. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये तर ते कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. सासूबाईंचं अंथरूण मात्र आजच दुसऱ्या खोलीत हलवा, आणि खोकला डॉक्टरांना दाखवा.

प्लॅस्टिकच्या कुठल्या अंगाला थेंब आले ते कळवा. बाहेरून काय लावायचं, ते त्यावरून सांगतो.