मोकळ्या मैदानावरची डिस्क गोल्फ : आधी कागद, मग ड्रायव्हर

आपण लिहिले आहे की नागपुरातील एका सार्वजनिक उद्यानाच्या मोकळ्या भागात आपण मित्रांसह डिस्क गोल्फ (फ्रिसबीसारखी चकती, म्हणजे डिस्क, फेकत फेकत कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ) खेळता, लांब होलवर (फेकीच्या जागेपासून बास्केटपर्यंतच्या टप्प्यावर) डिस्क ऐनवेळी भलतीकडेच वळते, आणि गेल्या आठवड्यात तर चौकीदाराने बास्केट उचलायला लावल्या. तेव्हा कोणता ड्रायव्हर (लांब फेकीसाठीची वेगवान डिस्क) घ्यावा, असा आपला प्रश्न आहे. या दोन्ही अडचणी मी भोगलेल्या असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. पकड, पावले, गुणांकन हे आपणास ठाऊक असणारच.

माझ्या मते आत्ता नवा ड्रायव्हर घेऊच नये. वेगवान डिस्कला हाताचाही तेवढाच वेग लागतो आणि तो नसेल तर ती लवकरच डावीकडे पडते (मी उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यांविषयी लिहीत आहे; डावखुऱ्यांनी दिशा उलट समजावी). झाडांचा आडोसा नसलेल्या मैदानात खरा प्रश्न वाऱ्याचा असतो. समोरून वारा असेल तेव्हा डिस्कला हवा अधिक वेगाने लागते आणि हलकी, अस्थिर डिस्क उजवीकडे कलंडते. अशा वेळी जरा जड, ओव्हरस्टेबल (उजवीकडे सहज न कलंडणारी, डावीकडे ओढ असलेली) मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची डिस्क, कमी उंचीवरून आणि सपाट फेकावी. पाठीमागून वारा असेल तर उचल कमी मिळून डिस्क लवकर खाली बसते, म्हणून थोडी उंची द्यावी. फेकताना डिस्कची पुढची कड बोटभर जरी वर राहिली, तरी वारा खालून शिरून तिला उभी करतो आणि ती जागच्या जागी उतरते. बहुतेकांची लांबी इथेच जाते, पण दोष मात्र प्लास्टिकला दिला जातो. शिवाय मधे झाडे नसल्यामुळे डोळ्यांना बास्केट आहे त्याहून जवळ भासते, तेव्हा प्रत्येक होल एकदा पावलांनी मोजून घ्यावे.

आता चौकीदाराविषयी. कृपया त्याच्याशी वाद घालू नये, कारण निर्णय त्याच्या हातात नसतो. आम्ही रीतसर परवानगी मागायला गेलो होतो. कार्यालयाचे नाव मी घेणार नाही. पहिल्या टेबलावर ‘तोंडी सांगून ठेवतो, खेळा’ असे आश्वासन मिळाले. सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी तक्रार करताच ते आश्वासन कोणी दिले होते हेच कोणास आठवेना. पुढे अर्ज केला तर तो क्रीडा विभागाकडे गेला, तिथून जागा आमची नाही म्हणून परत आला, आणि मूळ टेबलावर येईपर्यंत त्या माणसाची बदली झालेली होती. एकाही अधिकाऱ्याने जागेवर येऊन डिस्क कुठून कुठे जाते ते पाहिले नाही. यात आमचा पैसा गेला नाही, पण अख्खा हिवाळा गेला, आणि नागपुरात लांब होल खेळण्याजोग्या शांत सकाळी असतात त्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्याच. एप्रिल-मे महिन्यांत ऊन आणि गरम वारा सकाळी लवकरच मैदान ताब्यात घेतात, तर पावसाळ्यात काळी माती बुटांना चिकटते आणि वाढलेल्या गवतात डिस्क सापडत नाही. ही हळहळ मला अजूनही आहे.

म्हणून अर्ज ऑगस्टमध्येच द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. अर्जात नुसते ‘फ्रिसबीसारखा खेळ’ असे लिहू नये, कारण त्यातून कोणालाच काही कळत नाही. बास्केट जमिनीत पुरल्या जाणार नाहीत आणि खेळ संपताच उचलल्या जातील, हे स्पष्ट लिहावे. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडावा आणि त्यात एकही फेक चालण्याच्या पट्ट्यावरून वा मुलांच्या खेळण्याच्या जागेवरून जात नाही, हे रेषांनी दाखवावे. असा नकाशा करायला बसलात की आपले सर्वांत लांब होल बहुधा आपोआपच फिरवावे लागेल. ते अवश्य फिरवावे. उजवीकडे कलंडलेली डिस्क कुठे पोहोचू शकते तेही धरावे, कारण चेहऱ्याच्या उंचीने येणारी डिस्क इजा करते आणि फिरणाऱ्यांची भीती रास्त आहे. उत्तर आलेच नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारता येते. 2005 च्या त्या कायद्यात सर्वसाधारणपणे 30 दिवसांची मुदत आहे. मी वकील नाही आणि प्रत्येक उद्यानाचे नियम निराळे असतात, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजावेत.

जाता जाता एक सुचवतो. वाळलेल्या गवतात पिवळी किंवा नारिंगी डिस्क दिसत नाही, म्हणून गडद गुलाबी किंवा निळी घ्यावी. आणि उन्हाळ्यात डिस्क बंद गाडीत ठेवू नयेत, त्या वाकतात. नकाशा तयार झाला की येथे टाकावा; होलच्या दिशा मी आनंदाने पाहून देईन.