मुलीची 'भारताच्या शिष्टमंडळात' निवड झालीय, दीड लाख भरू का?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: ताई लातूरच्या, मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र, वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारी. तिला मेल आलाय की बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय मानवाधिकार परिषदेसाठी भारताच्या शिष्टमंडळात तिची निवड झालीय, विमान हॉटेल सर्टिफिकेट सगळं मिळून दीड लाख, त्यातले पाच हजार 'सीट पक्की करायला' भरून झालेत आणि बाकीच्यासाठी एफडी मोडायची का असं ताई विचारतायत.

एफडी मोडू नका.

देशाच्या शिष्टमंडळात पैसे भरून कोणी जात नाही. नावं सरकार ठरवतं, खर्चही सरकार करतं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत बसायला फी नसते. तुम्ही पाठवलेला मेल मी नीट बघितला, त्यात परराष्ट्र मंत्रालयाचा उल्लेखही नाही, एक खासगी आयोजक आहे आणि हॉटेलचा हॉल आहे. म्हणजे हे एमयूएनसारखं (मॉडेल युनायटेड नेशन्स, यूएनची लुटुपुटूची बैठक) काहीतरी आहे, मुलं देश वाटून घेतात आणि भाषणं करतात. एमयूएन वाईट नाही हो, उलट चांगला सराव होतो, पण तो पुण्या-मुंबईच्या कॉलेजात दोन-तीन हजारात होतो. आणि जिनिव्हाच्या किंवा न्यूयॉर्कच्या यूएन इमारतीतला फोटो बघून भुलू नका, तिथे तिकीट काढून कोणालाही टूर करता येते, जत्रेत राजाच्या कटआउटमधून तोंड काढून फोटो काढतो तसं आहे ते. जर्मनी, नेदरलँड्ससारखे काही देश तरुण प्रतिनिधी खरोखर पाठवतात, पण तिथेही तो अधिकृत प्रोग्राम असतो, असा मेल पाठवून पैसे मागत नाहीत.

आता खरं शिष्टमंडळ कसं असतं ते तिला वाचून दाखवा, कारण तिचं स्वप्न खोटं नाहीये, फक्त दार चुकलंय.

जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची ४७ सदस्य देशांची मानवाधिकार परिषद आहे, २००६ पासून. तिथे जगातल्या प्रत्येक देशाची मानवाधिकारांबाबत साधारण साडेचार वर्षांनी झडती होते, त्याला यूपीआर म्हणतात. भारताची शेवटची झाली १० नोव्हेंबर २०२२ ला. शिष्टमंडळाचे प्रमुख होते सॉलिसिटर जनरल तुषार मेहता, म्हणजे वकील, आणि त्याआधी २०१७ ला तेव्हाचे अॅटर्नी जनरल मुकुल रोहतगी. सोबत परराष्ट्र खात्याचे आणि विषय असेल तशा इतर मंत्रालयांचे अधिकारी. साडेतीन तासांची बैठक, त्यात शंभरावर देश एकेक करून बोलतात, प्रत्येकाला मिनिटभर मिळतं की नाही अशी अवस्था, आणि आपल्या लोकांनी कैक महिने आधीपासून मंत्रालयांकडून माहिती गोळा करून लेखी अहवाल तयार केलेला असतो. भाषणापेक्षा फाईलचं काम जास्त. हे तिला आवडेल का, हे आधी विचारा.

कधी राजकारणीही नेतृत्व करतात. १९९३ च्या व्हिएन्ना जागतिक परिषदेत भारताचं नेतृत्व मनमोहन सिंग यांच्याकडे होतं, ते तेव्हा अर्थमंत्री होते. आणि १९९४ ला पाकिस्तानने जिनिव्हात काश्मीरवरून ठराव आणला तेव्हा नरसिंह रावांनी शिष्टमंडळाचं प्रमुखपद चक्क विरोधी पक्षनेते वाजपेयींना दिलं, सोबत सलमान खुर्शीद, फारुख अब्दुल्ला. पाकिस्तानने ठराव मागे घेतला. मला हा किस्सा फार आवडतो, पण त्यातून करिअरचा रस्ता काही निघत नाही, वाजपेयी व्हायचा कोर्स नाही कुठे.

तिला खरं विचारायला हवं ते वेगळंच आहे. २००१ ला दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद झाली. भारतातून दलित संघटनांचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले होते, जातीभेदाचा उल्लेख जाहीरनाम्यात यावा म्हणून. आणि सरकारी शिष्टमंडळाने, परराष्ट्र राज्यमंत्री उमर अब्दुल्ला बोलले होते, ठाम सांगितलं की जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय इथे नको. दोन्हीकडे भारतीयच. शिष्टमंडळात बसलात की सरकारची भूमिका मांडावी लागते, वैयक्तिक मत काहीही असो. काहींना ते जमतं, देशाची बाजू मांडायचा अभिमान वाटतो, काहींचा जीव गुदमरतो. तुमच्या मुलीने जातीवरच्या भाषणाला बक्षीस मिळवलंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून विचारतोय, ती डर्बनला कुठल्या बाजूला बसली असती?

सरकारच्या बाजूला म्हणाली तर यूपीएससी आणि आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा. कुठलीही पदवी चालते, ओपनला वयाची अट २१ ते ३२, जागा अगदी थोड्या त्यामुळे वरचा रँक लागतो. परदेशी भाषा सर्व्हिसमध्ये गेल्यावर शिकवतात, त्यासाठी आत्ता क्लास लावू नका. आणि आयएफएस झाली तरी जिनिव्हाच मिळेल असं नाही, आधी भलत्याच देशात व्हिसाचं काम करावं लागू शकतं.

संघटनांच्या बाजूला म्हणाली तर बीए झाल्यावर तीन वर्षांचं एलएलबी, त्याची सीईटी असते, किंवा टिसमधून (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमए. अशा संघटनांना यूएनची मान्यता लागते, परिषदेत बोलायला जेमतेम दीड-दोन मिनिटं मिळतात, आणि यूपीआरच्या मुख्य चर्चेत तर तेही नाही, तिथे फक्त देश बोलतात, संस्थांनी अहवाल आधीच लिहून द्यायचा. पगार कमी, हे स्पष्ट सांगतो. तिसरा रस्ता यूएनच्याच नोकरीचा, त्याला बहुतेक वेळा मास्टर्स आणि अनुभव लागतो, फ्रेंच येत असेल तर उत्तम, पण इंटर्नशिपला सहसा पैसे देत नाहीत आणि जिनिव्हा महाग आहे, म्हणून घाई नको.

यंदा काय करायचं? दिल्लीतल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची उन्हाळी, हिवाळी आणि ऑनलाइन इंटर्नशिप असते, त्यांच्या वेबसाइटवर जाहिरात येते, तिथे पात्रतेच्या अटी बघून अर्ज करू द्या. आणि भारताच्या यूपीआरचे अहवाल नेटवर फुकट आहेत, सरकारचा एक आणि संस्थांच्या म्हणण्याचा सारांश वेगळा, दोन्ही शेजारी ठेवून वाचले की तिचं तिलाच कळेल.

पाच हजारांचं म्हणाल तर रिफंड मेलवरच मागा, फोनवर नाही, म्हणजे पुरावा राहतो, पावती जपून ठेवा. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि 'आज रात्रीपर्यंत बाकी भरा नाहीतर सीट जाईल' असा फोन येईल बघा, तेव्हा खुशाल जाऊ दे म्हणा.