प्राचीन ग्रीक पुराणकथांत मेंढपाळांचा आणि रानाचा देव कोण?

मुख्य देव पॅन: कमरेखाली बोकड, डोक्याला शिंगं, हातात वेळूच्या नळ्यांचा पावा. मूळचा तो ग्रीसमधल्या डोंगराळ आर्केडिया प्रांताचा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की इ.स.पू. 490 मध्ये पर्शियनांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईआधी स्पार्टाकडे मदत मागायला धावलेल्या अथेन्सच्या दूताला पॅनने हाक मारून विचारलं, 'तुम्ही मला का विसरलात?' पुढे अथेन्सकरांनी आपल्या शहरातल्या गडाच्या, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी त्याचं ठाणं मांडलं. ग्रीक कवी थिओक्रिटसच्या काव्यातला शेळ्या राखणारा तर भर दुपारी पावा वाजवायलाही धजत नाही. शिकारीहून दमून विसावलेला पॅन भडकेल ही भीती! किती जिवंत श्रद्धा आहे ही. मात्र कळपांचा राखणदार तो एकटा नव्हे. हर्मीस (बऱ्याच कथांत पॅनचा बाप) आणि अपोलो या देवांनाही मेंढपाळ भजत.