संपर्क पानावर ईमेलची लिंक ठेवावी की फॉर्म?
फॉर्मवरून येणारे मेल स्पॅममध्ये जातात म्हणून फॉर्म काढून नुसती 'मेलटू' लिंक (क्लिक केल्यावर मेल प्रोग्रॅम उघडणारी) ठेवू का, असं विचारलंय. काढू नका, दुखणं बहुधा 'फ्रॉम'मध्ये, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी आहे. बरेच फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता तिथे घालतात. त्याने याहूचा पत्ता दिला की तुमचा सर्व्हर याहूच्या नावाने मेल पाठवतोय असं दिसतं आणि डीमार्क तपासणीत (मेल खरंच त्या डोमेनकडून आलाय का, हे त्यात बघतात) मेल नापास होतो. 'फ्रॉम'मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता द्या, भरणाऱ्याचा 'रिप्लाय-टू'मध्ये, म्हणजे उत्तर त्यालाच जाईल. साइट पीएचपी या भाषेत असेल तर तिच्या मेल फंक्शनऐवजी लॉगिनसह एसएमटीपी (मेल सर्व्हरमार्फत मेल पाठवण्याची पद्धत) वापरा, पोर्ट ५८७. प्रत्येक मेसेज डेटाबेसमध्येही साठवा. मेल हरवला तरी चौकशी हरवत नाही.

लिंकची अडचण वेगळी. कॉम्प्युटरवर मेल प्रोग्रॅम लावलेला नसेल तर क्लिक करून काहीच होत नाही, किंवा कधी न वापरलेलं आउटलुक उघडून बसतं. शिवाय पत्ता बॉटच्या, म्हणजे आपोआप साइटी धुंडाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती लागतो. तरी फॉर्मखाली ती असू द्या, फक्त 'इथे क्लिक करा' न लिहिता पूर्ण पत्ताच लिहा, म्हणजे कॉपी करता येतो. फोटो जोडायचे असतील त्यांना तीच सोयीची.

फॉर्ममधून येणारा स्पॅम रोखायला कॅप्चाच्या ('मी रोबोट नाही' छापाच्या चाचणीच्या) आधी माणसाला न दिसणारा, लपवलेला रकाना करून पाहा. तो भरून आला की बहुतेक बॉटच. मात्र त्यावर ऑटोकम्प्लीट बंद ठेवा, नाहीतर ब्राउझर तो स्वतःच भरतो आणि खरा ग्राहक अडतो.