वजनाचा काटा हलत नाहीये? आधी हे बघ
अगं, हेल्दी खाऊन, व्यायाम करूनही वजन कमी होत नाहीये म्हणून लगेच खचू नकोस, माझंही असंच तीन महिने अडकलं होतं. हेल्दी खाणं म्हणजे कमी कॅलरी असं नसतं ना, तेल, सुकामेवा चांगलंच आहे पण एका ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असतात, प्रोटीनमध्ये ४, म्हणून दोन आठवडे सगळं मोजून लिही, चमचाभर तेलसुद्धा, मला तिथेच उत्तर सापडलं. नवीन व्यायामाने स्नायूंत पाणी धरलं जातं, त्यामुळे काटा फसवतो, कंबर टेपने मोज. झोप नीट होतेय का? आणि खूप थकवा, केस गळणं, पाळी अनियमित असं काही असेल तर प्लीज डॉक्टरांना दाखव, थायरॉइड, पीसीओएस (हार्मोन्स बिघडून होणारा अंडाशयाचा त्रास) तपासून घे. जेवण मात्र अजून कमी करू नकोस हं.