२००३ च्या इराक युद्धाला पाठिंबा देणारे सगळे सरकारचे आंधळे भक्त होते का?

सगळेच नाही हो. आमच्या म्हापशात कुवेतला नोकऱ्या केलेले लोक आहेत, १९९० ला सद्दामचं सैन्य घुसलं तेव्हा सगळं टाकून पळालेले, ते अजून या युद्धाच्या बाजूनेच बोलतात आणि त्यांना भक्त म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. पण सद्दाम वाईट होता हे वेगळं आणि अमेरिकी सरकारने दिलेलं कारण खरं होतं का हे वेगळं. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ठासून सांगितलं इराककडे घातक शस्त्रं आहेत म्हणून, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्याच तपास पथकाचा रिपोर्ट आला की साठे नाहीत! ब्रिटनने या युद्धाची जी चौकशी केली तिचा चिलकॉट अहवाल तर थेट २०१६ ला आला. वाजपेयी सरकारने सैन्य पाठवायला नकार दिला ते बरंच केलं. भांडायचंच तर सद्दामवरून नको, त्या कारणावरून भांडा.