कॅलिफोर्नियात ड्रायव्हरलेस टॅक्सीने अपघात केला तर कंपनीचं परमिट जातं का, की कोणी विचारतच नाही?

हो, जाऊ शकतं आणि गेलंय पण. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईला आधी दुसऱ्याच गाडीने उडवलं, त्या गाडीत माणूस ड्रायव्हर होता आणि तो पळून गेला, ती बाई क्रूझ नावाच्या कंपनीच्या रोबोटॅक्सीसमोर (ड्रायव्हरलेस टॅक्सीसमोर) पडली, टॅक्सी तिला धडकून थांबली आणि मग बाजूला घ्यायच्या नादात तिला साधारण २० फूट फरफटत नेलं. २४ ऑक्टोबरला तिथल्या डीएमव्हीने (आपल्या आरटीओसारखं खातं) क्रूझचं ड्रायव्हरलेस परमिट सस्पेंड केलं. दिलेल्या कारणांत गाड्या लोकांसाठी सेफ नाहीत हे एक आणि कंपनीने सेफ्टीबद्दल चुकीची माहिती दिली हे दुसरं. माझ्या मते लपवाछपवीच जास्त महागात पडली.

फक्त एक लक्षात घ्या, ही कारवाई राज्याची होती. अमेरिकेच्या केंद्र सरकारची एनएचटीएसए (रस्ते आणि गाड्यांची सेफ्टी बघणारी संस्था) गाडी रस्त्यावर यायच्या आधी अप्रूव्हल देत नाही, नियमात बसते असं कंपनी स्वतःच सर्टिफाय करते, मग अपघात झाला की रिपोर्ट द्यायचा आणि गरज पडली तर रिकॉल. त्यामुळे दुसऱ्या राज्यात असंच होईल याची गॅरंटी नाही.